‘काही सापडले नाही’ : स्वयंचलित चाचणी आणि आपला अंकसंग्रह



वाङ्मय मंडळाच्या अंकात सॉफ्टवेअरच्या चाचणीवरचा लेख बघून हा वाट चुकून इकडे आला, असं काहींना वाटेल. पण गेल्या वर्षभरात आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांचा जो डिजिटल संग्रह उभा राहिला, त्यात एक चूक झाली आणि ती माझ्या सहीनिशी बाहेर गेली. ती निस्तरताना मला या विषयात शिरावं लागलं. मी साहित्याची विद्यार्थिनी. संगणकशास्त्राचा एकही पेपर मी दिलेला नाही. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नाही, एका मुद्रितशोधकाचा आहे असं समजून वाचावा.

झालं ते असं. गणपतीच्या सुट्टीआधी मंडळाच्या पत्त्यावर एक मेल आली. आपल्या कॉलेजच्या एक माजी विद्यार्थिनी, आता निवृत्त शिक्षिका, कारवारला मुलाकडे राहतात. त्यांची एक कविता आपल्या अंकात १९८६ साली छापून आली होती. त्यांच्याकडची प्रत पावसात गेली. संग्रहात मिळाल्यास पाठवाल का, एवढंच विचारलं होतं. मी संग्रहाच्या शोधचौकटीत त्यांचं नाव टाकलं. उत्तर आलं, ‘काही सापडले नाही’. मी कवितेचं शीर्षक विचारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. आपली कविता आमच्या संग्रहात नाही, क्षमस्व, असं नम्र मराठीत कळवून टाकलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. हरकत नाही, वय झालं, बहुधा मीच ती दुसरीकडे दिली असेन आणि आता आठवत नसेल, असं त्यांनी लिहिलं होतं.

दसऱ्यानंतर १९८६ च्या अंकाची अनुक्रमणिका तपासताना त्यांचं नाव माझ्या डोळ्यांसमोर आलं. कविता होती. पान ३१. पहिल्या दिवसापासून होती. यंत्राने नाही म्हटलं आणि मी ते खरं मानलं. त्याहून वाईट म्हणजे एका बाईंना स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावला.

एकसारखी दिसणारी दोन अक्षरं

त्यांचं नाव इथे देत नाही, पण ते ‘ॲ’ ने सुरू होतं एवढं सांगावं लागेल, कारण सगळी गोम तिथेच होती. आमच्या ख्रिस्ती समाजात या अक्षराने सुरू होणारी नावं भरपूर. ॲग्नेस, ॲन, ॲन्थनी, ॲलिस. कुठल्याही चर्चच्या नोंदवहीत बघा. आपल्या कॉलेजच्या लेखकांच्या यादीतही ती पुष्कळ आहेत.

आता हे अक्षर संगणकात कसं साठवतात? युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला क्रमांक असतो. अ चा क्रमांक ०९०५. वरच्या चंद्राचा ०९४५. पूर्वी हे दोन एकामागोमाग लिहून ‘ॲ’ बनवायचे. मग २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ ला स्वतःचा क्रमांक मिळाला, ०९७२. शिवाय काही जुन्या टंकलेखकांची तिसरी रीत होती. अ आणि चंद्र यांच्यामध्ये एक अदृश्य चिन्ह घालायचं, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. रुंदी शून्य, दिसत नाही, पण असतं. या तिन्ही रीतींनी लिहिलेला ‘ॲ’ पडद्यावर बहुतेक सारखाच दिसतो. माणसाला एकच अक्षर, यंत्राला तीन वेगळे शब्द.

१९८६ चा अंक ज्या मुलाने टाइप केला त्याने जुन्या रीतीने केला होता. मी फोनवरून शोधलं, फोनने ०९७२ दिला. जुळलं नाही. बस्स, एवढीच चूक.

युनिकोडमध्ये सामान्यीकरण नावाची एक प्रमाण पद्धत आहे, ती लावली की एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एक होतात, असं मला आधी सांगण्यात आलं. ती इथे चालत नाही. ०९७२ आणि ‘अ अधिक चंद्र’ ही युनिकोडच्या दृष्टीने समान रूपं नाहीतच. त्यामुळे तयार औषध नव्हतं. आपला नियम आपणच लिहायला हवा होता, आणि नियम लिहिला की तो बरोबर आहे का हे तपासायलाही हवं.

चाचणी म्हणजे काय करायचं

संग्रहाचा शोध संगणकशास्त्र शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने पायथॉनमध्ये लिहिला आहे. तिची मातृभाषा कन्नड. मराठी समजते, वाचता येते, पण ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला फरक तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हता. आणि तिचा कोड कसा चालतो हे मला माहीत नव्हतं. या दोन अज्ञानांच्या मधल्या फटीतून ती कविता पडली होती.

मी तिला म्हटलं, प्रत्येक बदलानंतर मी बसून सगळी नावं शोधून बघत जाईन. ती म्हणाली, “अगं, किती वेळा बघशील? पहिल्या दिवशी बघशील, दुसऱ्या दिवशी बघशील, परीक्षा आली की सोडशील.” खरं होतं. एक फेरी पूर्ण करायला मला तास-दीड तास लागायचा आणि ती आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी बदलायची.

स्वयंचलित चाचणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माणसासारखं बटणं दाबणारं यंत्र यायचं. प्रत्यक्षात ती फार साधी गोष्ट असते. एक छोटा कार्यक्रम दुसऱ्या कार्यक्रमाला प्रश्न विचारतो, आलेलं उत्तर आधी लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडून बघतो, जुळलं तर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल. प्रश्न विचारणं आणि ताडणं ही यंत्राची कामं. पण ‘आधी लिहून ठेवलेलं उत्तर’ कोणी लिहायचं? ते लिहिणाऱ्याला विषय कळला पाहिजे. कोड कळायलाच हवा असं नाही. हे लक्षात आलं तेव्हा मला जरा धीर आला.

आम्ही एक्सेलचा तक्ता केला. पहिल्या रकान्यात काय शोधायचं, दुसऱ्यात काय यायलाच हवं, तिसऱ्यात काय येता कामा नये. मैत्रिणीने पायटेस्ट नावाच्या साधनाला तो तक्ता जोडून दिला, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ ही एक स्वतंत्र चाचणी झाली. मी ओळ वाढवली की चाचणी वाढली. मला कोडला हात लावावा लागत नाही आणि तिला मराठी शुद्धलेखन शिकावं लागत नाही. (ती शिकते आहे, ते वेगळं.) तिने कोड गिटहबवर चढवला की सगळ्या ओळी आपोआप तपासल्या जातात. अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल.

तुमच्यापैकी कोणी पुढे असं काही करणार असेल तर माझा पहिला सल्ला हाच. चाचण्या कोडच्या पोटात लपवू नका. ज्याला विषय कळतो त्याच्या हाताला लागतील अशा जागी ठेवा.

तिसरा रकाना

सुरुवातीला तक्त्याला दोनच रकाने होते. तिसरा का आला ते सांगते, कारण या सगळ्या प्रकरणात मला सर्वात जास्त शिकवलं ते त्याने.

‘ॲ’ चं कळल्यावर मी तशीच दुसरी अक्षरं हुडकायला लागले. पहिलं नाव अर्थातच ‘ऱ्य’ चं. दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा. हा आपल्या मराठीचा खास र. हाही दोन रीतींनी साठवला जातो. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि मग तोच अदृश्य जॉइनर. दिसायला एकच.

मैत्रिणीने उपाय केला. शोधताना सगळे अदृश्य जॉइनर सरळ काढून टाकायचे. ‘ॲ’ चा तिसरा प्रकारही त्याने सुटत होता. तक्ता चालवला. सगळं हिरवं. आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन चहासुद्धा घेतला.

पण डोक्यात काहीतरी टोचत होतं. संध्याकाळी मी ‘आचार्यास’ हा शब्द शोधून बघितला. आचार्य म्हणजे गुरू. निकालात वसतिगृहाच्या जेवणावरचा एक विनोदी लेख आला, ‘आचाऱ्यास अनावृत पत्र’. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी ही जोडी ऐकलेली आहे. आचार्यास वंदन करायचं, आचाऱ्यास भाजीत मीठ कमी घालायला सांगायचं. जॉइनर काढून टाकल्यावर जुन्या रीतीने लिहिलेल्या ‘ऱ्य’ चा ‘र्य’ झाला होता. आम्ही एक चूक दुरुस्त करताना मराठीतला एक वर्णभेदच पुसून टाकला होता आणि तक्ता हिरवागार हसत होता, कारण त्याला फक्त ‘काय यायला हवं’ एवढंच विचारलं होतं. यायला हवं ते येत होतं. त्याबरोबर नको तेही येत होतं.

म्हणून तिसरा रकाना. ‘आचार्यास’ शोधलं तर आचाऱ्याचं पत्र येता कामा नये. ‘दर्या’ शोधलं तर डोंगरदऱ्या येता कामा नयेत. आधी या ओळी घातल्या, लाल झालेल्या बघितल्या, मगच कोड बदलला. नवा नियम क्रमाचा होता. आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ हे त्रिकूट दिसलं की त्याचा ऱ करायचा, आणि त्यानंतरच उरलेले जॉइनर काढायचे. हा क्रम उलटा केला की भाषा बिघडते. क्रम उलटा करून बघितला, त्या ओळी पुन्हा लाल झाल्या, मग विश्वास बसला.

चाचणीशास्त्रात याला प्रतिगमन चाचणी म्हणतात. नाव अवजड आहे, अर्थ सोपा. काल जे चालत होतं ते आज मोडलं तर नाही ना, हे बघणं. माझ्या मते स्वयंचलनाचा सर्वात मोठा उपयोग इथेच आहे. नवी चूक शोधायला माणूस लागतो, पण सापडलेली चूक पुन्हा घरात शिरू नये म्हणून दाराशी बसून राहायचं काम यंत्र न कंटाळता करतं.

हिरव्यावर विश्वास कधी ठेवायचा

माझी स्वतः लिहिलेली पहिली चाचणी आठवली की आजही हसू येतं. ‘नाव शोधल्यावर निकालाचं पान उघडतं का’ अशी ती होती. उघडायचं. रोज हिरवं. ‘काही सापडले नाही’ हेसुद्धा निकालाचं पानच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही! म्हणजे ज्या चुकीमुळे हे सगळं सुरू झालं, नेमकी तीच चूक माझी चाचणी मोठ्या आनंदाने पास करत होती.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. नवी ओळ घातली की मैत्रीण कोडमधला तो भाग मुद्दाम बिघडवते. ओळ लाल झाली तरच ती तक्त्यात राहते. जी चाचणी कधीच नापास करू शकत नाही ती परीक्षक म्हणून काय कामाची? मोठ्या प्रमाणावर हेच काम यंत्राकडून करून घेण्याची एक पद्धत आहे, तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. कोडमध्ये जाणूनबुजून छोटे छोटे बिघाड पेरायचे आणि चाचण्या किती पकडतात ते मोजायचं. ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली विद्यार्थी असताना मांडली. आमच्यापुरतं हाताने बिघडवणं पुरतं.

लहरी चाचण्या

आतापर्यंत सांगितलं ते सगळं आतल्या बाजूचं, थेट कोडला प्रश्न विचारण्याचं. पण वाचक कोड बघत नाही, पान बघतो. म्हणून ब्राउझर उघडून, चौकटीत अक्षरं टाकून, बटण दाबून तपासणाऱ्या चाचण्याही असतात. त्यासाठी सेलेनियम हे साधन प्रसिद्ध आहे. २००४ साली शिकागोमध्ये थॉटवर्क्स कंपनीत काम करणाऱ्या जेसन हगिन्स यांनी ते सुरू केलं. नावामागे एक गंमत आहे. तेव्हा या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीची महागडी साधनं जोरात होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा, असा तो विनोद. कोटी करायची खोड फक्त मराठी माणसालाच आहे असं नाही.

आम्ही उत्साहात अशा वीसेक ब्राउझर-चाचण्या लिहिल्या आणि महिन्याभरात पस्तावलो. कॉलेजचं इंटरनेट संथ असलं की पान उशिरा यायचं, चाचणी तोवर उत्तर शोधून मोकळी झालेली असायची, लाल. पुन्हा चालवली की हिरवी. सकाळी लाल, दुपारी हिरवी. अशा चाचण्यांना मी लहरी म्हणते. मोठमोठ्यांनाही त्यांचा ताप आहे. आपल्या जवळपास १६ टक्के चाचण्यांमध्ये थोडीफार लहर आढळते, असं २०१६ साली गूगलने सांगितलं होतं.

ताप वेळ जातो याचा नाही. चार-पाच वेळा खोटा लाल दिसल्यावर आम्ही लाल बघायचंच सोडलं. “नेट असेल,” म्हणून पुढे जायचं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पहिलीत वाचतो आणि विसरतो. एकदा ते लाल खरं निघालं. लेखकसूचीचं पानच दोन दिवस उघडत नव्हतं आणि आम्ही नेटला दोष देत बसलो.

यावर दोन उपाय केले. चाचणीत ‘तीन सेकंद थांब’ असं लिहिलेलं होतं, त्याऐवजी ‘निकालाची यादी दिसेपर्यंत थांब’ असं लिहिलं. ठरावीक वेळ थांबणं हा जुगार आहे, नेट वेगवान तर वेळ फुकट, संथ तर खोटा लाल. दुसरं म्हणजे ब्राउझर-चाचण्या कापून चारच ठेवल्या. शोध चालतो, अंक उघडतो, लेखकसूची दिसते, फोनच्या अरुंद पडद्यावर कवितेच्या ओळी मोडत नाहीत. बाकी सगळं आतून तपासायचं. माइक कोन यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात चाचण्यांचा पिरॅमिड मांडला आहे तो हाच. पायाशी लहान, वेगवान चाचण्या पुष्कळ, टोकाशी पडद्यावरच्या थोड्या. आमचा पिरॅमिड आधी डोक्यावर उभा होता.

यंत्राला काय विचारू नये

संध्याकाळी आमच्या घरी रोझरीची प्रार्थना होते. पन्नास वेळा तीच प्रार्थना, पण मोजणी कोणी मनात करत नाही, बोटांखालचे मणी करतात. आजी म्हणायची, मणी मोजतात म्हणून मन प्रार्थनेत राहतं. मला स्वयंचलन असं समजतं. मोजण्याचं काम मण्यांना द्यावं. मणी प्रार्थना करतील अशी मात्र अपेक्षा ठेवू नये.

उदाहरण घ्या. लेखकसूची अकारविल्हे लावायची. संगणक क्रमांकांप्रमाणे लावतो, म्हणजे ०९७२ वाला ‘ॲ’ थेट ह च्या पुढे, सूचीच्या तळाला. ॲग्नेसबाई सगळ्यांच्या शेवटी! आणि ळ, ज्याची जागा आपल्या वर्णमालेत ह नंतर, तो ल च्या शेजारी. हे दुरुस्त करणं आणि दुरुस्त राहिलंय का हे रोज तपासणं यंत्राचं काम. पण क्ष आणि ज्ञ यांना वर्णमालेच्या शेवटी स्वतंत्र जागा द्यायची की क आणि ज च्या पोटात ठेवायचं? हे यंत्राला माहीत नाही, मलाही नव्हतं. विभागातल्या दोन प्राध्यापकांना विचारलं तर दोन उत्तरं आली. शेवटी मंडळाच्या बैठकीत ठरवलं, ठराव लिहिला, आणि मग त्या ठरावाची चाचणी झाली. आधी निर्णय, नंतर चाचणी. उलट क्रमाने गेलं तर प्रोग्रामरच्या मनात त्या दिवशी जे आलं तेच व्याकरण होऊन बसतं.

शीर्षकांचंही तसंच. मुखपृष्ठावर लांब शीर्षक ठरावीक संख्येला तोडलं जायचं. यंत्र वर्ण मोजतं, आपण अक्षरं मोजतो. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरं, यंत्राला सात वर्ण. मधेच तोडलं की ‘क्षिति’ चं ‘क्षित’ व्हायचं, क्वचित नुसता पाय मोडलेला क् उरायचा. अक्षराच्या मध्ये तोडू नये, ही चाचणी यंत्राला देता येते आणि दिली. पण शीर्षक कुठे तोडलं तर अर्थ शोभतो हे बघायला माणूस ठेवला.

आणि शुद्धलेखन! हा तर वादाचा विषय. सध्याचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ साली भर पडली. त्याआधीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वार जागोजागी असतात. आपल्या संग्रहात जुन्या पुस्तकांतले उतारे आहेत. कोणीतरी सुचवलं की शुद्धलेखन तपासणारं यंत्र लावून सगळं एकदाच सुधारून घेऊ. मी विरोध केला. संग्रहाचं काम जपायचं आहे, सुधारायचं नाही. ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत केली, पण ती नाथांनी केली, पाठ ताडून केली, एका रात्रीत बटण दाबून नव्हे. आमच्या तक्त्यात याची उलटी चाचणी आहे. छापील अंकाचा मजकूर आणि संग्रहातला मजकूर यांत कोणी परस्पर बदल केला तर लाल.

मायकल बोल्टन आणि जेम्स बाख हे दोन चाचणीतज्ज्ञ यात शब्दांचा फरक करतात. ठरलेलं उत्तर आलं का एवढं बघणं ही पडताळणी, आणि अजून कोणाला न सुचलेला प्रश्न विचारणं ही चाचणी. मला हा भेद पटतो. मुद्रितशोधनातही काना-मात्रा जुळवणं वेगळं आणि वाक्य वाचून ‘हे असं कसं?’ म्हणून थबकणं वेगळं.

आणखी एक सावधगिरी. बोरिस बायझर या लेखकाने कीटकनाशकाचा दाखला दिला आहे. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की उरलेल्या किड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. चाचण्यांचंही तसंच होतं. आमचा तक्ता महिनाभर पूर्ण हिरवा राहिला की मी आता खूश होण्याऐवजी दर शनिवारी अर्धा तास नुसती संग्रहात भटकते. तक्त्यात नसलेली नावं शोधते, मुद्दाम चुकीची टाइप करते, ‘अँथनी’ असं चंद्रबिंदू देऊन बघते. जे सापडतं त्याची सोमवारी ओळ होते. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या परिषदेत म्हटल्याप्रमाणे, चाचणीने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे दाखवता येत नाही. कारवारला ती मेल लिहिण्याआधी मला हे माहीत असायला हवं होतं. माझ्या एका शोधावर मी ‘नाही’ म्हणायला नको होतं.

पान ३१

कविता सापडल्यावर मी बाईंना कविता आणि माफीचं पत्र पाठवलं. काय चुकलं ते सोप्या शब्दांत लिहिलं, आठवण तुमची बरोबर होती हेही लिहिलं. आठ दिवस उत्तर नाही. मग नाताळच्या सुट्टीआधी त्यांचा फोन आला. आवाज अजून वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा.

“बाळ, कविता मिळाली. पण तिसऱ्या कडव्यात एक चूक आहे गं.”

मी लॅपटॉप उघडून बसलेच होते. संग्रहाची प्रत, छापील पानाचं छायाचित्र, तक्ता, सगळं हिरवं. मी म्हटलं, “बाई, आम्ही छापील अंकाशी ताडून घेतलंय.”

“अंकातच चूक आहे,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून आहे. मी लिहिलं होतं दर्या. समुद्र. त्यांनी छापलं दऱ्या. तेव्हा संपादकांना सांगायला गेले, तर म्हणाले की अंक वाटून झाला. आता कोणाला सांगू, म्हणून गप्प राहिले.”

मी तिसरं कडवं पुन्हा वाचलं. मीही ते चार वेळा वाचलं होतं आणि दऱ्या मला खटकल्या नव्हत्या. कवितेत दऱ्या चालून जातात. पण ती कविता मासळी घेऊन न परतलेल्या होडीवर होती.

मंडळाच्या बैठकीत यावर चांगला तासभर वाद झाला. मूळ छापील पाठ बदलायचा नाही हा नियम मीच आग्रहाने करून घेतला होता. शेवटी मजकूर आहे तसा ठेवला आणि कवितेखाली कवयित्रीने कळवलेली दुरुस्ती म्हणून एक ओळ घातली. तक्त्यात दोन ओळी वाढल्या. ‘दर्या’ शोधलं की आता ती कविता येते. ‘दऱ्या’ शोधलं तरी येते, कारण छापलेलं तसंच आहे. तिसऱ्या रकान्यातली आमची जुनी अट या एका पानापुरती सोडावी लागली. मैत्रिणीने विचारलं, हा अपवाद का, याचं कारण कोडमध्ये कसं लिहू? मी तिला तेवढ्या भागाचं मराठी टिपण लिहून दिलं. तिने ते कोडमध्ये जसंच्या तसं, देवनागरीत, चिकटवलं आहे.